'आमच्या हातात नाही' म्हणजे मग कोणाच्या हातात? लॉ कॉलेजचा सिलॅबस, हजेरी आणि बाकीची भानगड

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारा पाच वर्षांच्या लॉ कोर्सला चौथ्या वर्षाला आहे, महाराष्ट्रातल्याच एका संलग्न कॉलेजात, आणि स्टुडंट कौन्सिलवर आहे. वर्गाला डेटा प्रोटेक्शनचा वेगळा ऑप्शनल पेपर हवाय आणि हजेरीचा नियम सैल करून हवाय. दोन्ही घेऊन प्राचार्य मॅडमकडे गेले तर त्या म्हणाल्या हे आमच्या हातात नाही, युनिव्हर्सिटीत गेले तर खिडकीवरचा माणूस म्हणाला बार कौन्सिलला विचारा. तर हे ठरवतं कोण, आणि जायचं कुठे?

मी २२ वर्षं लॉ शिकवतोय, मधे एक टर्म बोर्ड ऑफ स्टडीजवर (युनिव्हर्सिटीचं सिलॅबस ठरवणारं अभ्यास मंडळ) होतो आणि दोन वर्षं इन्चार्ज प्रिन्सिपल होतो, म्हणजे "आमच्या हातात नाही" हे वाक्य मी स्वतः भरपूर वापरलंय. अर्ध्या वेळा ते खरं होतं. उरलेल्या वेळा मला तो विषय उघडायचा नव्हता किंवा नियम नक्की कुठे लिहिलाय तेच माहीत नव्हतं, खोटं कशाला सांगू. तुमच्या दोन मागण्यांमधलीही एक तुमच्या कॉलेजच्या हातात बरीच आहे आणि दुसरी फार थोडी, आणि गंमत म्हणजे तुम्हाला वाटतंय त्याच्या बरोबर उलटी.

लॉ कॉलेजला मालक तीन असतात, हे आधी डोक्यात बसवा. बीकॉमच्या कॉलेजला युनिव्हर्सिटी म्हणेल ती पूर्व दिशा, पण लॉमध्ये वरून बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलीचं नियमन करणारी देशपातळीवरची संस्था, बसलेली असते. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम ७ मध्ये कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा ठरवणं हे तिचं काम सांगितलंय, तेही युनिव्हर्सिट्या आणि राज्यांच्या बार कौन्सिलशी सल्लामसलत करून. त्यातून आलेत २००८ चे रूल्स ऑफ लीगल एज्युकेशन. दुसरा मालक युनिव्हर्सिटी, जी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ खाली चालते. तिसरी तुमची संस्था आणि कॉलेज. एमएनएलयू (महाराष्ट्र नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी) असेल, मुंबईची नागपूरची किंवा संभाजीनगरची, तर मधला टप्पा गायब, त्यांची स्वतःची ॲकॅडमिक कौन्सिल असते आणि तीच सिलॅबस करते. ऑटोनॉमस कॉलेजचंही बरंचसं तसंच, फक्त डिग्रीवर नाव युनिव्हर्सिटीचं. पण आपल्याकडची बहुतेक मुलं तुमच्यासारखी संलग्न कॉलेजात आहेत म्हणून मी त्याबद्दलच बोलतोय.

आता बार कौन्सिल काय ठरवते. लोकांना वाटतं की सगळा सिलॅबस दिल्लीहून येतो, तसं नाहीये. २००८ च्या नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टात पेपरांची यादी आहे, कायद्याचे २० सक्तीचे पेपर, ४ सक्तीचे क्लिनिकल (म्हणजे प्रत्यक्ष कामाचे) आणि कमीत कमी ६ ऑप्शनल, ऑनर्स असेल तर वर आणखी ८. त्यांनी मुख्यतः पेपराचं नाव दिलंय, कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट, फॅमिली लॉ, एव्हिडन्स वगैरे, आतली युनिटं कशी पाडायची, कुठले खटले घ्यायचे, पुस्तकं कुठली, हे जवळपास सगळं युनिव्हर्सिटीवर सोडलंय. अपवाद क्लिनिकलचा, तिथे त्यांनी मार्कांपर्यंत उतरून लिहिलंय. ड्राफ्टिंगचे १५ आणि कन्व्हेयन्सिंगचे (मालमत्तेचे दस्त लिहिण्याचे) १५ सराव, प्रत्येकी ३ मार्क, म्हणजे ४५ अधिक ४५ आणि १० ची व्हायवा. मूट कोर्टमध्ये (सरावाच्या लुटुपुटीच्या कोर्टात) तीन मूट ३० मार्कांना, कोर्टात बसून दोन खटले बघणं ३० ला, त्यात एक दिवाणी आणि एक फौजदारी, अशिलाशी बोलणं आणि इंटर्नशिपची डायरी ३० ला, वर १० ची व्हायवा. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरची फाईल बघून उतरवतो ना, त्या फाईलच्या मागे हे एवढं सगळं आहे. शिवाय इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २०, सेमिस्टर किमान १५ आठवड्यांचं, आठवड्याला किमान ३० तास आणि त्यातले निदान २४ लेक्चरचे, एका सेक्शनला ६० पेक्षा जास्त मुलं नाहीत. आणि नियम १३ म्हणतो की मधूनच प्रवेश नाही आणि मधेच बाहेर पडून अर्धी डिग्रीही नाही. त्यामुळे बाकीच्या फॅकल्टीत नव्या शैक्षणिक धोरणाची मल्टिपल एंट्री-एक्झिट चाललीय तशी तुम्हाला मिळत नाही. २०२० च्या धोरणाने वैद्यकीय आणि कायद्याचं शिक्षण त्या नव्या एकछत्री आयोगाच्या बाहेरच ठेवलंय.

तर तुमचा डेटा प्रोटेक्शनचा पेपर. बार कौन्सिलची इथे काही आडकाठी नाही. ऑप्शनलचे गट त्यांनी सांगितलेत, कॉन्स्टिट्यूशनल, बिझनेस, क्राइम, इंटलेक्चुअल प्रॉपर्टी असे, त्यातून युनिव्हर्सिटीने निवडायचं. म्हणजे तुमची फाईल बोर्ड ऑफ स्टडीजकडे जाते, अभ्यास मंडळ. २०१६ च्या कायद्यात फॅकल्टी चारच ठेवल्यात आणि लॉ ह्युमॅनिटीजमध्ये टाकलंय, म्हणजे तुमचा पेपर वर जाताना इतिहास मराठी अर्थशास्त्र वाल्यांच्या टेबलावरून जातो. मंडळावर काही लोक कुलगुरूंनी नेमलेले, काही विभागप्रमुखांमधून निवडून आलेले, काही बाहेरून घेतलेले. मंडळ मसुदा करतं, फॅकल्टीत जातो, मग ॲकॅडमिक कौन्सिल मंजूर करते, मग ॲकॅडमिक सेक्शनमधून परिपत्रक निघतं. परिपत्रक निघेपर्यंत काहीही झालेलं नसतं, हे लक्षात ठेवा. मंडळावरच्या सरांनी कॉरिडॉरमध्ये "झालंय, झालंय" सांगितलं तरी.

मीटिंग कशी असते ते सांगतो, कारण बाहेरून फार भारदस्त वाटतं. अकराची वेळ, साडेअकराला सुरू. पोहे, चहा, आणि पहिला अर्धा तास टीए बिलाचा (प्रवासभत्त्याचा) फॉर्म कुठला भरायचा यावर. मागच्या मीटिंगचे मिनिट्स कायम. मग अध्यक्ष सिलॅबसचा कागद फिरवतात. मी होतो तेव्हा एकदा पाऊण तास फक्त यावर गेला की सेल ऑफ गुड्स दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या पेपरात ठेवायचं की कमर्शियलमध्ये हलवायचं, आणि खरा वाद तात्त्विक नव्हताच, एका सरांच्या नोट्स त्या क्रमाने छापलेल्या होत्या. सायबर लॉचं एक युनिट वाढवायचा विषय त्याच दिवशी चार मिनिटांत "सर्वानुमते मंजूर" झाला कारण जेवायची वेळ झाली होती. हे मी कुचेष्टेने नाही सांगत. सांगायचं एवढंच की मंडळाकडे तयार कागद घेऊन गेलात तर काम होतं, नुसती मागणी घेऊन गेलात तर "पुढील बैठकीत विचार करावा" असं मिनिट्समध्ये येतं आणि पुढची बैठक सहा महिन्यांनी. तयार कागद म्हणजे युनिटं पाडलेली, तास धरलेले, वाचनयादी जोडलेली. डीपीडीपी ॲक्ट, म्हणजे डेटा प्रोटेक्शनचा कायदा, २०२३ चा आहे, तेव्हा आता शिकवायला साहित्य नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

आता कडू गोष्ट. तुम्ही चौथ्या वर्षाला आहात, हा पेपर वेगळा म्हणून आला तरी तुमच्या बॅचला मिळणार नाही. कारण नवीन पॅटर्न पहिल्या वर्षापासून वर चढत जातो, चालू बॅच ज्या पॅटर्नवर आली त्याच पॅटर्नवर बाहेर पडते. मग कॉलेज काय करू शकतं? इथे मॅडमच्या हातात बरंच आहे. सिलॅबसमध्ये ऑप्शनल म्हणून समजा आठ पेपर छापलेत, त्यातले तुमच्या कॉलेजात शिकवतात किती? बहुतेक कॉलेजात दोन किंवा तीन, ज्याला शिक्षक आहे ते. कुठले ऑप्शनल चालवायचे हा निर्णय पूर्ण कॉलेजचा. आधी छापील सिलॅबस उघडून बघा, सायबर लॉ किंवा आयटी कायद्याचा पेपर यादीत बऱ्याचदा असतोच आणि त्यात प्रायव्हसीचं युनिट असतं, फक्त तुमच्या कॉलेजने तो कधी उघडलेला नसतो. असेल तर मागणी "नवीन पेपर द्या" अशी करू नका, "हा छापलेला पेपर चालवा, आम्ही एवढी मुलं घेणार आहोत, ही सह्यांची यादी" अशी करा. नसेलच तर ३० तासांचा सर्टिफिकेट कोर्स. त्याला युनिव्हर्सिटीची परवानगी अशी फार लागत नाही आणि कॉलेजला नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाईलसाठी तो हवाच असतो, आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाच्या, मॅडमना सांगून बघा, तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद होईल.

हजेरी मात्र वेगळी. इथे मॅडम बऱ्यापैकी खरं बोलतायत. बार कौन्सिलच्या त्याच २००८ च्या नियमांतला नियम १२, प्रत्येक विषयात ७० टक्के. ६५ च्या खाली प्रिन्सिपलना अधिकारच नाही. ६५ ते ७० मध्ये अधिकार आहे, पण अट अशी की कारण खरोखर अपवादात्मक हवं, सगळे विषय मिळून ७० टक्के भरायला हवेत, आणि सवलत दिलेल्या मुलांची यादी कारणांसकट बार कौन्सिलला पाठवायची. म्हणजे स्टुडंट कौन्सिलने ठराव करून ७० चे ६० होत नाहीत, आणि प्राचार्यांनी मनावर घेतलं तरी होत नाहीत.

पण मोजायचं कसं, तिथे कॉलेजच्या हातात खूप आहे, आणि तिथे कोणी बघतच नाही. मी इन्चार्ज असताना डिफॉल्टर लिस्टवर एक मुलगी आली, एव्हिडन्समध्ये ६० पैकी ३८, म्हणजे ६३ टक्के आणि थोडं. सगळे विषय मिळून ७२. वडील ॲडमिट होते, हॉस्पिटलचे कागद आणले होते, पण ६५ च्या खाली म्हटल्यावर माझा पेनच उचलेना. ऑफिसने डिटेनचं, म्हणजे परीक्षेला बसू न देण्याचं, पत्र टाईप करून ठेवलेलं. तेव्हा आमच्या हेडक्लार्क बाईंनी विचारलं की सर, ट्यूटोरियलचं रजिस्टर यात धरलंय का? नियमात लेक्चरबरोबर ट्यूटोरियल, मूट आणि प्रॅक्टिकल एकत्र धरा असं स्वच्छ लिहिलंय. एव्हिडन्सच्या सरांनी चार ट्यूटोरियल घेतलेली, हजेरी स्वतःच्या वहीत, ऑफिसला कधी दिलीच नाही. मुलगी चारही ट्यूटोरियलला हजर. ४२ भागिले ६४, म्हणजे साडेपासष्टच्या वर. बसली परीक्षेला, कारण लिहून यादीत नाव टाकलं आणि यादी रीतसर वर पाठवली. आणि हो, ट्यूटोरियल धरली की खालचा आकडाही वाढतो हे विसरू नका, जी मुलं ट्यूटोरियलला नव्हती त्यांच्यातले दोघं जण त्याच हिशोबाने ७० च्या खाली घसरले. त्यांचे पालक आले होते माझ्या केबिनमध्ये. ती दुपार वेगळी.

तुम्ही दिल्ली हायकोर्टाचं म्हणाल म्हणून सांगतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या खंडपीठाने निकाल दिला, २०१६ मध्ये एका लॉच्या विद्यार्थ्याने आत्महत्या केली त्यातून उभं राहिलेलं प्रकरण. बार कौन्सिलच्या किमान टक्क्यांवर कॉलेजांनी आणखी कडक नियम लादू नयेत, हजेरी कमी म्हणून परीक्षेपासून अडवू नये, आणि बार कौन्सिलने हे नियम पुन्हा तपासावेत असं म्हटलंय. वाचाच तो निकाल. पण माझा अनुभव असा की आपल्याकडचं कॉलेज हायकोर्टाच्या निकालाने हलत नाही, युनिव्हर्सिटीच्या परिपत्रकाने हलतं. आणि अर्जात टाकण्याआधी त्याचं पुढे अपिलात काय झालंय ते तपासा, वकील होणार आहात. एक गोष्ट मात्र लगेच बघा, तुमच्या कॉलेजच्या प्रॉस्पेक्टसमध्ये ७५ लिहिलंय का. बऱ्याच ठिकाणी बाकीच्या कोर्सचा जुना आकडा तसाच कॉपी झालेला असतो. तसं असेल तर ७५ चे ७० करणं पूर्ण कॉलेजच्या हातातलं काम आहे, एका बैठकीचं.

ती बैठक म्हणजे सीडीसी, कॉलेज डेव्हलपमेंट कमिटी. २०१६ च्या कायद्याआधी एलएमसी (लोकल मॅनेजिंग कमिटी) होती तिच्या जागी आली. अध्यक्ष संस्थेचे, प्राचार्य सचिव, शिक्षकांचे प्रतिनिधी, आणि तुम्हाला बहुतेक माहीत नसेल पण स्टुडंट कौन्सिलच्या अध्यक्ष आणि सचिवाची जागा त्यात कायद्यानेच आहे. वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या असतात. मी किती कॉलेजांत पाहिलंय की विद्यार्थी सदस्याला चहाच्या वेळी बोलावतात, सही घेतात आणि जा म्हणतात. तुम्ही बसा. अजेंडा आधी मागा लेखी, विषय आठ दिवस आधी द्या. ॲकॅडमिक कॅलेंडर, बजेट, सुविधा, इंटर्नशिपच्या सुट्ट्या कधी टाकायच्या, मूटला गेलेल्या मुलांची हजेरी कशी धरायची, हे सगळं तिथे बोलता येतं. मिनिट्सवर तुमच्या विषयाचा नंबर आला की मॅडमना पुढे "आमच्या हातात नाही" म्हणायला थोडं जड जातं.

नियम वरून बदलतो तेव्हा खाली किती धावपळ होते ते २०२४ ला बघितलं. बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेली न्याय संहिता), बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेली नागरिक सुरक्षा संहिता) आणि साक्ष्य अधिनियम १ जुलैपासून लागू होणार होते, मे महिन्यात बार कौन्सिलचं परिपत्रक आलं की २०२४-२५ पासून शिकवा आणि मेडिएशनही सक्तीचं करा. मंडळाने आयपीसीच्या जागी बीएनएस टाकायला वेळ लावला नाही, ३०२ चं १०३, ४२० चं ३१८, तक्ते करून मोकळे. अडलं एटीकेटीवाल्यांपाशी, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षात गेलेल्यांपाशी. जो मुलगा आयपीसी शिकला, नापास झाला, तो आता कुठला पेपर देणार? एक जण म्हणाले आता सगळ्यांनी नवीनच द्यायचं. मी भांडलो, कारण १ जुलै २०२४ च्या आधीचे गुन्हे आयपीसीखालीच चालणार आहेत, पुढची कित्येक वर्षं वकिलाला दोन्ही लागणार, आणि मुलाला शिकवलं एक आणि विचारलं दुसरं हे कुठल्या न्यायात बसतं. शेवटी जुन्या पॅटर्नचे पेपर ठरावीक प्रयत्नांपर्यंत ठेवायचे असं ठरलं. तरी वर्गात पहिलं वर्षभर गोंधळच, ४८२ म्हटलं की जुन्या लोकांना सीआरपीसीतलं क्वॉशिंग (हायकोर्टाकडून गुन्हा रद्द करून घेणं) आठवतं आणि नवीन संहितेत ४८२ ला अटकपूर्व जामीन. माझी स्वतःची जीभ अजून घसरते.

परीक्षेचं खातं वेगळं, त्याचं बोर्ड वेगळं, पेपर सेटर वेगळे, आणि अभ्यास मंडळाने काय ठरवलंय ते सेटरपर्यंत पोचतंच असं नाही. मराठी माध्यमातून उत्तरं लिहिणाऱ्यांनी हे भोगलंय. एका वर्षी कॉन्ट्रॅक्टच्या पेपरात कन्सिडरेशनचं भाषांतर "विचार" छापून आलं. "विचाराशिवाय करार शून्य आहे, स्पष्ट करा." प्रतिफल हा शब्द सगळ्या मराठी पुस्तकांत आहे, पण भाषांतर करणारा लॉचा नव्हता. आमच्या एका मुलाने खरंच विचारपूर्वक संमतीवर दोन पानं लिहिली, आणि वाईट लिहिली नव्हती. आम्ही पेपरच्या दिवशीच कॉलेजमार्फत तक्रार केली म्हणून मॉडरेशनमध्ये ते धरलं गेलं. निकालानंतर गेलो असतो तर कोणी उभं केलं नसतं.

तक्रारीसाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कॉलेजला तक्रार निवारण समिती हवी आणि वर युनिव्हर्सिटीला लोकपाल. सिलॅबस बदलायला त्याचा उपयोग नाही, पण इंटर्नलचे मार्क कशावर दिले ते सांगत नाहीत, हजेरीचा हिशोब दाखवत नाहीत, अशा गोष्टींना आहे. प्रवेश आणि फीबद्दल मी बोलत नाही, ते सीईटी सेलचं आणि फी ठरवणाऱ्या प्राधिकरणाचं काम, त्यात कॉलेजातल्या ॲकॅडमिक कमिट्यांचा काही संबंध येत नाही.

आणि नवीन ऑनर्स कोर्स किंवा जादा तुकडी मागायचा विचार असेल तर सध्या सोडून द्या, ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलने नवीन कॉलेजांवर तीन वर्षांची बंदी घातली आणि चालू कॉलेजांनाही नवीन कोर्स किंवा तुकडी तिच्या पूर्वपरवानगीशिवाय नाही.

तर तुम्ही या आठवड्यात करायचं ते एवढं. युनिव्हर्सिटीच्या वेबसाईटवरून तुमच्या पॅटर्नचा सिलॅबस उतरवा आणि ऑप्शनलची पूर्ण यादी बघा. प्रॉस्पेक्टसमधला हजेरीचा आकडा बघा. सीडीसीची पुढची तारीख विचारा आणि विषय लेखी द्या, आवक नंबर टाकून पोच घ्या, व्हॉट्सॲपवर मॅडमना मेसेज टाकला म्हणजे दिला असं होत नाही. अभ्यास मंडळाचे अध्यक्ष कोण आहेत ते शोधून तुमचा युनिटांसकट मसुदा कॉलेजच्या पत्रासोबत पाठवा, पुढच्या बॅचेससाठी का होईना. आणि ट्यूटोरियलची हजेरी ऑफिसच्या रजिस्टरमध्ये आहे की सरांच्या वहीत, हे आजच विचारा, सेमिस्टर संपल्यावर नको.